युधिष्ठिराचा रथ आणि आमचं मागचं दार



आजचं वाचन द्रोणपर्वातलं. अश्वत्थामा मेला, असं युधिष्ठिर द्रोणाचार्यांना सांगतो, तो भाग. खरं सांगू? पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. का, ते कळायला आधी गाडीचं ऐका.

मागच्या आठवड्यात बोईसरहून घिवलीला परतताना एमआयडीसीत पुढच्या टँकरने अचानक ब्रेक मारला. पाऊस होता. आमची गाडी घसरत जाऊन त्याला मागून धडकली. कुणाला लागलं नाही, ही पांडुरंगाची कृपा. पण बंपर फुटला, बॉनेट दुमडलं, डावा हेडलाइट गेला. गाडी एका गॅरेजला टाकली. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या दारापाशी येऊन थांबले.

तिथला पोचा जुना. गेल्या गणपतीत बाबांनी रिव्हर्स घेताना दार नारळाला घासलं होतं. रंग उडाला, आणि आमच्याकडची खारी हवा तुम्हाला माहीतच आहे. तिथे आता चांगला गंज चढलाय.

"दादा, हे पण याच क्लेममध्ये घालू. घसरताना डिव्हायडरला लागली म्हणून लिहा. आठ हजार वाचतील तुमचे."

मी म्हटलं, "घाला."

इतकं सहज म्हटलं की बोलताना जीभही अडखळली नाही. मनात हिशोब तयारच होता. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून साध्या पॉलिसीत त्याची निम्मी किंमत घसाऱ्यात कापणार. वर सक्तीचे १,००० रुपये आपल्याच खिशातून. नो क्लेम बोनस गेला तो वेगळाच. एवढी वर्षं हप्ते भरले, एक दार त्यांनी दिलं तर काय बिघडलं?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा अध्याय.

युधिष्ठिर तरी पूर्ण खोटं कुठे बोलला? भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मारला होता. मेला, हे खरं. नाव, तेही खरं. फक्त 'हत्ती' हा शब्द त्याने ऐकू येणार नाही असा उच्चारला. आमचंही तसंच की! गाडी ठोकली, हे खरं. दार चेपलंय, हे खरं. नारळ तेवढा हळू आवाजात.

व्यासांनी पुढे जे लिहिलंय, ते वाचून मी थांबलो. युधिष्ठिराचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. ते शब्द तोंडातून गेले आणि रथ जमिनीला टेकला. वीज नाही, आकाशवाणी नाही. बाकीच्यांचे रथ जिथे चालत होते, तिथे त्याचाही चालू लागला. एवढंच.

आता तुमच्यातलं कुणीतरी विचारणार, की हा सल्ला खुद्द श्रीकृष्णाचाच होता ना? होता. मलाही हा प्रश्न सुटलेला नाही, आणि सुटल्यासारखं दाखवणारी प्रवचनं मला पटत नाहीत. पण सल्ला देवाचा असूनही रथ खाली आला, तो युधिष्ठिराचाच. स्वर्गारोहणपर्वातही त्याला थोडा वेळ का होईना, नरक बघावा लागतो. आणि इंद्र त्याचं कारण हेच सांगतो, द्रोणांशी केलेलं कपट. त्याच्यासमोर अख्खं युद्ध होतं, भावांचे जीव होते. माझ्यासमोर एक दार होतं. मी कुणाचा आडोसा घेणार? मिस्त्रींचा?

आमचा रथ चार बोटं वर कधी नव्हताच, हे कबूल. सिग्नल तोडलेत, उशीर झाल्यावर ऑफिसात ट्रेनचं नाव पुढे केलंय. तरी फोन उचलला.

"दार क्लेममधून काढा."

मिस्त्री दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "अहो, सगळेच घालतात." मी काहीच बोललो नाही, कारण काय बोलावं ते सुचलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, "ठीक आहे. पण दार नंतर करायला आणाल तेव्हा नुसती पुट्टी मारून मागू नका. गंज आत ठेवून वर रंग दिला, तर पहिल्या पावसात फुगून येतो. तेवढा पत्रा कापायला लागेल."

आठ हजारांचं बाबांना सांगायचं जिवावर आलं होतं. ते जेवत होते. ऐकून घेतलं, भात कालवला आणि म्हणाले, "नारळाला मी लावलेली ना? मग कंपनी कशाला देईल?"

गाडी परवा मिळेल. पुढून नवी, मागून तीच. बाबांनी बाजारातून पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साइडचा छोटा डबा आणून ओटीवर ठेवलाय.