कॅमेरा कोणाच्या खांद्यावर?

‘सिकारिओ’ (२०१५) हा सिनेमा उजवा की डावा, हा वाद अजून मिटलेला नाही. सीमेपलीकडे मेक्सिकोत कायदा उरलाच नाही, तिथे हात मळवावेच लागतात, असं मानणाऱ्यांना तो आपला वाटतो. अमेरिकी यंत्रणांची काळी बाजू उघडी पाडणारा म्हणून दुसऱ्या गटालाही तो आपलाच वाटतो. दोघंही पात्रांची वाक्यं चाळत बसतात. गोष्ट कोणाच्या नजरेने बघायला लावलीय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हा प्रश्न सीमेवरच्या जुन्या सिनेमांनाही विचारता येतो. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’मध्ये (१९५८) मेक्सिकन अधिकारी व्हार्गास सचोटीचा, तर अमेरिकी पोलीस कॅप्टन क्विनलन पुरावे पेरणारा. संशयिताच्या न्हाणीघरात व्हार्गासच्या हातून बुटांचा खोका पडतो, तो रिकामा असतो. थोड्याच वेळात त्याच खोक्यात डायनामाइटच्या कांड्या ‘सापडतात’. प्रेक्षकाने रिकामा खोका पाहिलेला असतो, त्यामुळे तो व्हार्गासच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शेवटी संशयिताने गुन्हा कबूल केल्याचं कळतं, म्हणजे क्विनलनचा अंदाज बरोबर होता. तरी वेल्स त्याला माफी देत नाही. अर्थात हा व्हार्गास म्हणजे तोंडाला तपकिरी रंग फासलेला चार्ल्टन हेस्टन. सहानुभूती मेक्सिकनाला, भूमिका गोऱ्या नटाला!

‘ट्रॅफिक’मध्ये (२०००) बेनिसिओ देल तोरोने बहुतेक संवाद स्पॅनिशमध्ये म्हटले आणि ऑस्कर मिळवलं. तोही मेक्सिकन नव्हे, पोर्तो रिकोचा, पण निदान रंग फासावा लागला नाही. रंग फासला गेला तो देशाला. दिग्दर्शक सोडरबर्गने मेक्सिकोची दृश्यं पिवळट केली आणि ती सवय पुढच्या कित्येक सिनेमांना लागली.

‘सिकारिओ’त आपण एफबीआयच्या केट मेसरबरोबर मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरात शिरतो. तिला काही सांगितलेलं नसतं, म्हणून आपल्यालाही नसतं. पुलाला टांगलेली प्रेतं आपण गाडीच्या काचेतून बघतो. तिथल्या महापौरांनी सिनेमावर बहिष्काराचं आवाहन केलं, ते मला पटतं. २०१० मध्ये तीन हजारांहून जास्त खून सोसलेल्या या शहरात २०१५ पर्यंत हिंसा बरीच ओसरली होती, पडद्यावर मात्र ते जुन्याच नरकात अडकलेलं. सिल्व्हिओ या पोलिसाला घर आहे, फुटबॉलवेडा मुलगा आहे. पण त्याला फारसं बोलू न देता मारलं जातं. शेवटी डोक्याला बंदूक लावून केटकडून सही घेतात, सगळं कायद्यानुसार झालं म्हणून. तिची हतबलता हीच सिनेमाची टीका.

२०१८ च्या दुसऱ्या भागात लेखक तोच, टेलर शेरिडन. पण केट नाही. पूर्वी जे बघून अंगावर काटा यायचा, ते आता मर्दुमकीसारखं दिसतं. सुरुवातीला रात्री सीमा ओलांडणाऱ्या लोकांमधला एकजण स्वतःला उडवून देतो, मग कॅन्सस सिटीच्या दुकानात आत्मघाती स्फोट होतात. हे सगळं सविस्तर दाखवलंय. दुकानातले हल्लेखोर न्यू जर्सीचे निघाले, हे मात्र पुढे संवादात उरकून टाकलंय. प्रेक्षक यातलं काय घेऊन घरी जाईल, हे बनवणाऱ्यांना कळलं नसेल, असं मानायला मी तयार नाही.