उशाशी कोण बसणार?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे 'वृद्धाश्रम' हा शब्द अजून दबक्या आवाजात उच्चारतात. कुणी आईला तिथे ठेवलं असं कळलं की पारावर निकाल लागलाच, "पोरगा शिकला, पण वाया गेला." घरी ठेवणारा तेवढा पुण्यवान. मग त्याची म्हातारी मागच्या पडवीत दिवसभर एकटी पडलेली का असेना, ते कुणी बघायला जात नाही.

आणि वृद्धाश्रम उभे राहिले ते मात्र आमच्याच भागात. हवा चांगली, जागा स्वस्त, म्हणून शहरातली माणसं आपले आईबाप इकडे आणून ठेवतात. आमची पोरं नोकरीला कल्याण-भिवंडीकडे, त्यांचे आईबाप गावात. शहरातल्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला ज्या बाया जातात, त्यांतल्या कितीतरी आमच्याच वाड्या-पाड्यांवरच्या. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. माणसाच्या मायेचंही आता तसंच होऊ लागलं आहे.

म्हातारं माणूस घरी ठेवावं की आश्रमात, यावर लोक भांडतात. मला त्याच्या आधीचा एक प्रश्न छळतो. उस्तवार कुणाच्या हातांनी होते, आणि त्या हातांचं काय?

आमची आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. विशीत विधवा झाली, पोरबाळ नाही, माहेरी परत आली ती कायमची. आम्हा तिघा भावंडांना तिने कडेवर वाढवलं. आई आवणात असायची, तेव्हा आम्हाला भरवणारी हीच. पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा तिने हक्कसोडपत्रावर मुकाट्याने अंगठा दिला. "मला काय करायचीय जमीन? दोन भाकरी मिलाल्या म्हंजे झालं." त्या दोन भाकरी कागदावर कुणी लिहिल्या नाहीत. तेव्हा तशी रीतच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ती पडवीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. गावच्या घरी दादा आणि वहिनी. मी नोकरीतून निवृत्त होऊन कल्याणला. ताई म्हशाच्या बाजूला दिलेली. एका रविवारी आम्ही तिघं बसलो. मी चौकशी करून आकडे आणले होते. मुरबाड रस्त्याच्या एका वृद्धाश्रमात अंथरुणावरच्या माणसाचे महिन्याला 18 हजार, अनामत 50 हजार, डायपर आणि औषधं वेगळी. कल्याणच्या ब्युरोची बाई बारा तासांचे 700 रुपये घेते, म्हणजे महिन्याला 21 हजार, आणि रात्रीची बाई पुन्हा वेगळी. दादा म्हणाला, "वर्षाचं सगलं भात विकून एवढं हातात येत नाय."

सरकारी योजना नाहीत असं नाही. आत्याला श्रावणबाळचे महिना 1500 रुपये मिळतात. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, 2022 पासून. वयोश्री योजनेत काठी-चष्म्यासाठी एकदा 3 हजार. सत्तरीच्या पुढे आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचा इलाज. पण ते इस्पितळात भरती झाल्यावर. खाटेवरून उठता न येणाऱ्या बाईला एसटी कशाला हवी? तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारं माणूस हवं असतं, आणि या कुठल्याही योजनेत ते माणूस नाही.

कायदाही आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे आईबापांना मुलांकडून महिन्याला 10 हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताकडे. आमचं प्रांत कार्यालय भिवंडीला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळू शकते. आत्याच्या कागदावर अटच नव्हती. आणि समजा असती, तरी कायदा पैसे मिळवून देईल, जमीन परत देईल. रात्री दोन वाजता उठणं तो कुणाकडून वसूल करणार?

दादा शेवटी म्हणाला, "मग घरीच बरं. घरी फुकट होतं."

वहिनी तेव्हा चहा घेऊन दारात उभी होती. काही बोलली नाही. फुकट म्हणजे काय, ते मी मनात मांडत बसलो. पहाटे पाचला पाणी तापवणं. अंग पुसणं. पाठीला जखम होऊ नये म्हणून सारखं वळवणं. पेज भरवणं. ओली चादर धुणं, पावसाळ्यात ती चुलीवर वाळवणं. रात्री दोनदा उठणं. दोन वर्षं. वहिनी बासष्ट वर्षांची आहे. तो कायदा साठी ओलांडलेल्याला ज्येष्ठ नागरिक म्हणतो. म्हणजे आमच्या घरात एक ज्येष्ठ नागरिक दुसऱ्या ज्येष्ठ नागरिकाला उचलत होती, आणि त्याला आम्ही संस्कार म्हणत होतो.

आपल्याकडे आईबापाच्या ऋणाच्या गोष्टी फार. पण ऋण मुलाचं आणि फेड सुनेची, असाच व्यवहार चालत आला आहे. आत्याचं ऋण तर कुठल्या यादीतही नाही.

मी म्हटलं, वहिनीला दरमहा काही पैसे देऊ. ती एकदम म्हणाली, "आत्याबायचं करायला मी पगार घेऊ? तिला काय वाटंल?" थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पैसं नको. महिन्यातनं चार दिस मला माहेरला जाऊ द्या. रातची सलग झोपंन तरी."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पैसे घेतल्याने सेवा हलकी होते, असं मला वाटत नाही. नर्स पगार घेते म्हणून तिचा हात खोटा ठरत नाही. पण वहिनीने मागितलं ते पैशात नव्हतं. आमच्यापैकी कुणीतरी तिच्या जागी बसावं, एवढंच तिचं मागणं होतं. पैसे देऊन मोकळं होणं आम्हाला सोपं गेलं असतं.

मग ठरलं. दिवसा वाडीवरची एक बाई येते, तिचे 9 हजार आम्ही तिघांनी वाटून द्यायचे. आणि महिन्यातले चार दिवस मी आणि बायको गावी. चादरीची घडी पाठीखाली सारून माणसाला कुशीवर कसं घ्यायचं, ते मी वयाच्या साठीत शिकलो. पहिल्यांदा मी कपडे बदलायला गेलो तेव्हा आत्याने तोंडावर पदर ओढला. "तू नको रं." मी तिला म्हटलं, माझं तू नाही का केलंस? ती काही बोलली नाही, पदरही काढला नाही. तिसऱ्या महिन्यात पदर ओढायचं तिने सोडलं.

उद्या वहिनी आजारी पडली, तर आत्याला आश्रमात ठेवावं लागेल आणि मी ठेवीन. मी जो आश्रम पाहिला तिथे म्हाताऱ्या न्हाऊनमाखून, केस विंचरून पत्ते खेळत बसल्या होत्या. त्यात मला पाप दिसलं नाही. पैसे पाठवून वर्षभर तिकडे न फिरकणं हे मला पाप वाटतं, आणि तसं गावच्या घरात राहूनही करता येतं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. वाडीवरची बाई सकाळी आठला आमच्याकडे येते. तिची स्वतःची आई म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिच्यापाशी दिवसभर सहा वर्षांची नात असते. शाळा सुरू झाली की नात शाळेत जाते. मग म्हातारीच्या उशाशी कोण असतं, असं मी त्या बाईला विचारलं. ती आत्याचे पाय चेपत होती. म्हणाली, "पानी ठेवून येते ना गुरुजी."