आग्नेयेकडे तोंड करून

बसा. पाठ कशाला तरी टेकू द्या.

डोळे मिटू नका. आज उघड्या डोळ्यांनीच बसायचं आहे.

एक श्वास आत. तो सावकाश बाहेर.

आता ऊसतोड कामगारांची एक कोपी डोळ्यांपुढे आणा. सोलापूर जिल्हा, माढा तालुका. उजनीच्या कालव्यावर वाढलेला ऊस, आणि फडापासून थोडं दूर, मोकळ्या रानात उभी राहिलेली कोपी. बांबूच्या कमानी. वर पाचट. पाचटावर ताडपत्री.

शेजारी ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली. याच ट्रॉलीतून बीडकडून संसार आला. ज्वारीची पोती, भांडी, कोंबड्या, लेकरं. इथला फड संपला की टोळी पुढच्या गावाला जाईल, आणि कोपी मोडून पुन्हा ट्रॉलीत चढेल.

चाकांवरचं घर म्हटलं की हल्ली कॅरॅव्हॅन आठवते. राज्य सरकारनं २०२१ मध्ये तिच्यासाठी पर्यटन धोरणसुद्धा आणलं. ऊसतोडीच्या वाटेवरची ही घरं तिच्याहून कितीतरी जुनी, आणि ती सुट्टीवर निघालेली नसतात. असो. आज भांडायचं नाही.

परत कोपीकडे या.

कोपीच्या बाजूला एक छत्री आहे. डिश. दोन फुटांची, थोडी गंजलेली. लोखंडी नळीवर बसवलेली, आणि नळी दगडांनी घट्ट केलेली.

तिच्याकडे बघा. नुसतं बघा.

तिचं तोंड कुठं आहे?

तुम्हीही तिच्यासारखे वळा. आधी पूर्वेकडे तोंड करा. आता उजवीकडे, दक्षिणेच्या अर्ध्या वाटेपर्यंत. आग्नेय.

नजर उचला. क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या आभाळाचे तीन भाग करा आणि दोन भाग वर जा. साधारण एकसष्ट अंश.

तिथं काहीच दिसत नाही.

बघत राहा.

तिथं, सोलापूरपासून सुमारे ३६,५०० किलोमीटरवर, जीसॅट-१५ आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून तो वर गेला. विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राच्या डोक्यावर. दूरदर्शनच्या फ्री डिशची चित्रं तिथून खाली येतात. महिन्याचं भाडं नाही. पेटी आणि छत्री एकदा घेतली की झालं.

तो हलत नाही. निदान इथून तरी तसंच वाटतं.

एक श्वास घ्या आणि सोडा. चारेक सेकंद गेले असतील.

तेवढ्यात तो बारा किलोमीटर पुढं गेला. आणि तुमच्या खालची ही काळी जमीन, उसासकट, कोपीसकट, पूर्वेकडे पावणेदोन किलोमीटर सरकली.

तरी छत्रीचा कोन बदलला नाही. दोघं एकाच लयीत फिरत आहेत.

आणखी एक श्वास.

आता जवळ या. छत्रीपाशी एकजण उभा आहे. आत, कोपीत, पडद्यासमोर दुसरी. बॅटरीची वायर मातीवरून आत गेली आहे.

ऐका.

“आलं का?”

“न्हाई.”

“आता?”

“थांब. थांब जरा.”

आपल्यातल्या अनेकांनी हा संवाद गच्चीवरून आणि खोलीतून केलेला आहे. तेव्हा पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांतला अगदी थोडा भाग विश्वाच्या सुरुवातीच्या उष्णतेचा होता, हे कुणाला ठाऊक होतं? आता मुंग्या नाहीत. आता चित्र येतं, नाहीतर पडदा कोरा.

हात समोर लांब करा. करंगळी उभी धरा. तिच्यामागं आभाळाची जेवढी रुंदी झाकली गेली, तो साधारण एक अंश. दीड-दोन करंगळ्या छत्री चुकली, की चित्र डळमळतं किंवा जातंच.

म्हणून तो जोर लावत नाही. नट किंचित सैल. छत्री केसभर इकडे. मग हात काढून घेतो.

आणि थांबतो.

पेटीला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात. घाईनं फिरवत राहिलं, तर बरोबर जागेवरून छत्री निघून जाते आणि कुणाला कळतही नाही.

केसभर. थांबा.

केसभर. थांबा.

पडद्यावर दोन पट्ट्या आहेत. एक ताकदीची, एक दर्जाची. पहिलीकडे लक्ष देऊ नका. छत्री रिकाम्या आभाळाकडे असली तरी ती बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. दुसरी शून्यावर असते. शून्यावरच असते. आणि मग एकदम उठते.

त्या उठण्याआधीच्या क्षणात थोडं बसा.

छत्रीकडे पुन्हा बघा. तोंड तिचं वर वळलेलं आहे, पण एकसष्ट अंशांइतकं नाही. उरलेले अंश कुठं गेले? या छत्रीची घडण तिरकी असते. तिला दिसतं ते, तिच्या तोंडावरून वाटतं त्यापेक्षा बरंच वर.

आता तळहात उघडा. आग्नेयेकडे धरा.

पडतंय. आत्ता, या क्षणी, तुमच्या तळहातावर सह्याद्री वाहिनी पडते आहे. उसाच्या पात्यांवरही. ट्रॉलीच्या पत्र्यावरही. झोपलेल्या लेकराच्या कपाळावरही. सेकंदाच्या आठव्या हिश्शात तिथून इथं.

कातडीला काही कळत नाही. तरी हात थोडा वेळ तसाच राहू द्या.

लांब रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला आहे, गाणं मोठ्यानं लावून. जाऊ द्या त्याला.

या मुलखाच्या शेजारी एक जुनी गोष्ट घडून गेली आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६. विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतल्या गावांत टीव्हीसाठी दहा फुटांच्या छत्र्या उभ्या राहिल्या, तारेच्या जाळीच्या. देशभरात अशी सुमारे २,४०० गावं होती. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६. वर्षभरासाठी उसना घेतलेला. तो आफ्रिकेच्या बाजूला होता, म्हणून त्या छत्र्यांची तोंडं पश्चिमेकडे.

गावं संध्याकाळी पश्चिमेकडे उघडलेल्या त्या जाळीखाली बसायची. मग मुदत संपली. उपग्रह गेला.

मनातल्या मनात एकदा तिकडे वळा. आणि परत आग्नेयेला या.

श्वास.

मार्चच्या मध्याच्या सुमारास, हंगाम उतरणीला लागलेला असताना, काही दिवस एक गंमत होते. सकाळी सव्वाअकराच्या आसपास सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागं येतो. सूर्याच्या स्वतःच्या लहरींत उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. थोडा वेळ चित्र जातं. पेटी बिघडलेली नसते.

तेव्हा वर बघू नका. सावलीकडे बघा.

तुमची सावली वायव्येकडे पडली आहे, उंचीच्या निम्म्याहून जरा मोठी. तिच्या टोकापासून तुमच्या डोक्यापर्यंत एक रेघ मनानं ओढा. ती तशीच पुढं जाऊ द्या. पुढं, आणखी पुढं. एरवी न दिसणारी ती जागा या रेघेवर आहे.

रेघ धरून थोडं उभे राहा.

कोपीत या वेळी टीव्ही बघायला कुणी नसतं. पहाटेपासून कोयता चालू आहे. चित्र गेलं आणि आलं, याची तिथं नोंदही होत नाही.

मग एक दिवस पट्टा पडतो. कारखाना थांबतो. ताडपत्री निघते, बांबू मोकळे होतात. दगड बाजूला, नळी मोकळी, छत्री शेवटी ट्रॉलीत, गोधड्यांवर उताणी.

वाटभर ती कुठंही बघत जाते.

बीडकडच्या गावातून हाच उपग्रह सोलापूरपेक्षा जेमतेम एका अंशानं खाली असतो. दिशा आग्नेयच. नट थोडा सैल करून छत्री तेवढी खाली घ्यायची, आणि आतून उत्तर येईपर्यंत हात काढून ठेवायचा.