समेट आणि दिलजमाई

दोन पक्षांत तंटा होऊन तो मिटला म्हणजे आपण सर्रास म्हणतो, ‘समेट झाला.’ परंतु नेमके काय झाले, हे सांगण्यास आपल्या भाषेत एक नव्हे, अनेक शब्द आहेत, आणि त्यांचे वजन सारखे नाही. याविषयी थोडा विचार वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

‘तह’ हा राज्यकर्त्यांचा शब्द. आमच्या ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या सालबाई गावी 1782 साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे व इंग्रज यांचा तह झाला. वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली, आणि दोन्ही पक्षांची सुमारे वीस वर्षे बरी गेली. पुढे 1803 साली तलवारी पुन्हा बाहेर पडल्याच. तरी आम्ही त्या तहास खोटा म्हणणार नाही. तहाने कलमे पाळण्याचे वचन दिले होते; प्रेमाचे नव्हे. ‘तडजोड’ त्याच जातीची, फक्त घरगुती.

‘दिलजमाई’ मात्र निराळी. तिच्यात मने एकत्र यावी लागतात. आमची तक्रार अशी की, आपण घरोघरी तडजोड करतो आणि तिला दिलजमाई म्हणून मोकळे होतो. वाटणी झाली, कागदावर सह्या झाल्या, पंचांनी चहा घेतला, की मंडळी म्हणतात, ‘झाले गेले गंगेला मिळाले.’ पौरोहित्याच्या घरी वाढल्यामुळे पुढचेही आमच्या दृष्टीस पडते. विभक्त झालेल्या भावांनी वडिलांचे श्राद्ध वेगवेगळे करावे, यास शास्त्राचा आधार आहे. त्यात दोष नाही. परंतु एकाच तिथीला, एकाच आळीत, एकाच पित्याचे नाव दोन घरांत उच्चारले जावे आणि एका घरच्यांनी दुसऱ्या घरी पानावर बसू नये, हे कोणत्या शास्त्रात आहे? तंटा तर मिटलेला असतो.

मग मन जुळावे कसे? येथे ‘क्षमा’ येते. क्षम् या धातूचा मूळ अर्थ सहन करणे. म्हणूनच पृथ्वीसही क्षमा म्हणतात. ‘माफी’ हा शब्द सारा सोडून देण्याचाही आहे. देवस्थानांच्या माफीच्या जमिनी वाचकांस ठाऊकच आहेत. माफीत येणे सुटते, क्षमेत ओझे उचलले जाते. आपली वडीलधारी बायामाणसे याहून सुंदर बोलतात: ‘चुकलेमाकले पोटात घाला.’ पण गंमत पाहा, ‘ओठांत एक, पोटात एक’ हेही आपणच म्हणतो. अपराध सामावून घेण्याची जागा आणि डूख धरून ठेवण्याची जागा एकच! ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो पोटात घातला की कुढत गिळला, हे बाहेरून कळत नाही. म्हणून दुखावलेल्या माणसास, ‘आता सोडून दे’ असा आग्रह तिऱ्हाइताने करणे आम्हांस अप्रशस्त वाटते. अपराध करणाऱ्याने आधी तोंड उघडावे. शिष्टाईस गेलेल्या श्रीकृष्णाने केवळ पाच गावे मागितली. पण मागणे दुर्योधनापाशी केले, पांडवांस ‘विसरा’ म्हणून तो थांबला नाही.

त्या मानाने संक्रांतीची मागणी किती माफक! तिळगूळ देताना आपण फक्त गोड बोलण्यास सांगतो, मन स्वच्छ झाल्याची साक्ष मागत नाही. बोलणे सुरू असले तर मनास निदान वाट राहते.

एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. दसऱ्याचे सोने घेऊन धाकटा थोरल्याकडे जातो, वाकतो, आणि त्याचा अबोला त्या वाकण्यातच संपतो. पण चूक थोरल्याची असेल तर? ‘पोटात घाल’ असे काकाने पुतण्यास म्हटलेले आम्ही अद्याप ऐकलेले नाही. त्यास रूढीने शब्दच दिलेला नाही. असा थोरला फार तर दाराशी येतो, काठी टेकून उभा राहतो, आणि इकडेतिकडे पाहत म्हणतो, ‘उद्या जेवायला ये.’ ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ओळखावा.