गाणं कुणाचं, गळा कुणाचा

अमेरिकी सोल संगीताच्या स्वस्त कॅसेटी आणि सीडींवर एक ओळ नेहमी बारीक अक्षरात छापलेली असे. दर्शनी बाजूला गायकाचं नाव, त्याचा साठच्या दशकातला रुबाबदार फोटो आणि गाजलेल्या गाण्यांची यादी. मागे कोपऱ्यात मात्र कबुली, की ही गाणी मूळ कलावंतानंच पण नव्यानं ध्वनिमुद्रित केलेली आहेत. घेणारा ती ओळ वाचत नसे. घरी जाऊन गाणं लावलं की फसगत कळायची. शब्द तेच, चाल तीच, गळाही त्याच माणसाचा. पण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागी सिंथेसायझर, ड्रमरच्या जागी यंत्र, आणि गाणारा आपलंच जुनं गाणं पाठांतरासारखं म्हणतोय.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत असा माल भरपूर निघाला. 1966 साली 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' गाऊन जगप्रसिद्ध झालेले पर्सी स्लेज यांनी ते गाणं पुढे अनेकदा ध्वनिमुद्रित केलं. मेरी वेल्स यांनी ऐंशीच्या दशकात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या दिवसांतली आपली गाणी पुन्हा गायली. 1989 पासून इयन लेव्हिन या ब्रिटिश निर्मात्यानं 'मोटरसिटी' नावाच्या लेबलसाठी मोटाउनचे जुने गायक-गायिका गोळा केले आणि त्यांच्याकडून नव्या गाण्यांबरोबर जुनीही गाऊन घेतली. जाणकारांनी अशा ध्वनिमुद्रणांना कायम नाकं मुरडली. 'मूळ घ्या, हे घेऊ नका' हा त्यांचा ठरलेला सल्ला. सल्ला बहुतेक वेळा बरोबरच होता. पण एखाद्या गायिकेला आपलंच गाणं पुन्हा का गावंसं वाटलं असेल, हा प्रश्न त्या सल्ल्यात कुठेच नव्हता.

त्याचं पहिलं उत्तर पैशाचं आहे.

ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगळ्या मालक्या असतात. एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चालीची. दुसरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे त्या विशिष्ट दिवशी त्या विशिष्ट टेपवर उमटलेल्या आवाजाची. व्यवसायात तिला 'मास्टर' म्हणतात. साठच्या दशकातल्या बहुतेक सोल गायकांकडे यातली एकही नव्हती. रचना गीतकारांची आणि त्यांच्या प्रकाशकाची, मास्टर कंपनीचा. गायकाला रॉयल्टी मिळायची ती करारातल्या टक्क्यांनी, आणि तीही स्टुडिओचा खर्च आणि उचल वजा करून. शिवाय अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे रचनाकाराला मिळतात, गाणाऱ्याला काहीच नाही. 'रिस्पेक्ट' हे गाणं ऑटिस रेडिंग यांनी लिहिलं आणि 1967 साली अरिथा फ्रँकलिन यांनी ते आपलं करून टाकलं. जगाच्या लेखी ते अरिथाचं गाणं. पण अमेरिकी रेडिओच्या हिशेबात अरिथाच्या गळ्याची किंमत शून्य.

मालकी हातची गेली की काय होतं, याचा धडा मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपनीलाही मिळाला. 1968 साली अटलांटिक या कंपनीशी असलेला वितरणाचा संबंध तुटला, तेव्हा स्टॅक्सच्या मालकांना कळलं, की आपणच सही केलेल्या करारानुसार आजवर वितरित झालेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे मास्टर अटलांटिकचे आहेत. मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरच्या जुन्या सिनेमागृहात, उतरत्या जमिनीच्या त्या स्टुडिओत जन्मलेली गाणी एका रात्रीत परकी झाली. जिथे कंपनीचीच ही गत, तिथे गायकाचं काय? याला ठळक अपवाद रे चार्ल्स. 1959 च्या अखेरीस एबीसी-पॅरामाउंटकडे जाताना आपल्या मास्टरची मालकी आपल्याकडे राहील, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. ते धोरण त्या काळात इतकं विरळा होतं, की आजही त्याचा दाखला दिला जातो.

मग उरलं काय? अमेरिकी कायद्यानुसार एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेलं मानधन रचनाकाराला देऊन कुणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क फक्त त्या टेपवरच्या आवाजापुरता. हुबेहूब तसंच गाणाऱ्याला तो अडवू शकत नाही. मूळ गायकाला मात्र करारातली अट काही वर्षं अडवते. ती मुदत संपली, की तो आपलं गाणं गाऊन त्या नव्या ध्वनिमुद्रणाचा मालक होऊ शकतो. मग सिनेमात किंवा जाहिरातीत ते वाजलं, तर मास्टरचे पैसे त्याच्या खिशात. मेरी वेल्स यांना 1990 साली स्वरयंत्राचा कर्करोग झाला तेव्हा त्यांच्याकडे आरोग्य विमा नव्हता. उपचारासाठी मित्रमंडळींनी आणि रिदम अँड ब्लूज फाउंडेशननं हातभार लावला. 1992 साली त्या गेल्या. हे ठाऊक असलं, की ऐंशीच्या दशकातली त्यांची ती कॅसेट निकृष्ट म्हणून बाजूला सारता येते, पण तिच्यावर हसता येत नाही.

तरीही कारण समजलं म्हणून गाणं चांगलं होत नाही. ती ध्वनिमुद्रणं फसली ती पैशासाठी केली म्हणून नव्हे. सोलची थोर गाणीही पैशासाठीच केली होती. मोटाउन तर गाण्याचा कारखानाच होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. फसली ती नक्कल म्हणून. जाहिरातवाल्याला किंवा ग्राहकाला जुनंच गाणं हवं होतं, त्यामुळे चाळिशीतल्या बाईनं विशीतल्या मुलीचा आवाज काढायचा, हीच कामाची अट झाली. मेरी वेल्स यांचं 1964 चं 'माय गाय' हे एका तरुण मुलीनं ठसक्यात दिलेलं निष्ठेचं वचन आहे. मधल्या वीस वर्षांत त्या वचनाचं काय झालं, हे नव्या गाण्यात ऐकू येता कामा नये, असाच तो सौदा होता.

वास्तविक या गायकांची घडण अशा सौद्याच्या नेमकी उलट होती. सोलचे बहुतेक मोठे गळे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तयार झाले. तिथे गाणं कधी पूर्ण होत नाही. दर रविवारी तेच भजन वेगळ्या लांबीचं, समोरची माणसं कशी साथ देतात त्यावर फुलणारं. आज एक ओळ दहादा घोळवली जाईल, पुढच्या रविवारी तिथे नुसता हुंकार. ख्यालाच्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा सत्तरीतला एखादा राग ऐकताना 'पण मूळ कुठे आहे?' असं आपण विचारत नाही. अडीच-तीन मिनिटांच्या तबकडीनं त्या प्रवाहातला एक क्षण गोठवला, त्याला 'मूळ' हे नाव दिलं आणि मालक नेमला. म्हणजे उतारवयात गाणं पुन्हा गाणं ही त्या गायकांची जुनीच रीत. अपवाद असलाच तर तबकडीचा.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं मेव्हिस स्टेपल्स यांच्यात. मार्च 1965 मध्ये अलाबामात सेल्मा ते माँटगोमेरी हा मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा निघाला. त्यावर त्यांचे वडील रोबक 'पॉप्स' स्टेपल्स यांनी 'फ्रीडम हायवे' हे गाणं रचलं, आणि पुढच्याच महिन्यात शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये स्टेपल्स कुटुंबानं ते गायलं. मेव्हिस पंचवीस वर्षांच्या होत्या. त्या ध्वनिमुद्रणात टाळ्या आहेत, गर्दी आहे, आणि समोरचा रस्ता लवकरच संपणार असल्याची खात्री आहे. जून 2008 मध्ये शिकागोच्याच हाइडआउट या छोट्याशा बारमध्ये त्यांनी ते पुन्हा गायलं. पॉप्स 2000 साली गेलेले. साथीला रिक होल्मस्ट्रम यांची, पॉप्सची आठवण करून देणारी थरथरती गिटार, बास, ड्रम्स आणि मागे मोजके गळे. आवाज खाली उतरलेला, खरखरीत. लांब ओळ एका दमात न घेता तोडून घेतलेली, मधली जागा कोरसवर सोपवलेली. या मर्यादाच गाण्याचा अर्थ बदलतात. पंचविशीत जी घोषणा होती, ती अडुसष्टाव्या वर्षी हजेरी होते: मी अजून याच रस्त्यावर आहे. त्या कार्यक्रमाची तबकडी बाहेर आली 4 नोव्हेंबर 2008 रोजी, बराक ओबामा निवडून आले त्याच दिवशी. पण निवडणुकीचा निकाल काहीही लागता, तरी त्या गाण्यातली हजेरी खरीच ठरली असती.

दुसरं उदाहरण हॉवर्ड टेट यांचं. साठच्या दशकात निर्माता-गीतकार जेरी रॅगोव्हॉय यांनी त्यांच्याकडून काही अप्रतिम गाणी गाऊन घेतली. त्यातलं 'गेट इट व्हाइल यू कॅन' जगाला कळलं ते जॅनिस जॉप्लिन यांच्या 1971 च्या 'पर्ल'मुळे. रॅगोव्हॉय यांच्याच 'टाइम इज ऑन माय साइड'चं असंच झालं. न्यू ऑर्लिअन्सच्या इर्मा थॉमस यांनी ते 1964 साली गायलं, त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनं उचललं, आणि पुढे लोक इर्मांनाच विचारू लागले, की तुम्ही स्टोन्सचं गाणं का गाता? वैतागून त्यांनी कित्येक वर्षं ते गायचंच सोडलं. टेट तर संगीतातूनच नाहीसे झाले. विमा विकला, घराला लागलेल्या आगीत मुलगी गेली, अमली पदार्थांच्या आहारी गेले, बेघर झाले, त्यातून उठून धर्मोपदेशक झाले. नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा ठावठिकाणा लागला आणि 2003 साली रॅगोव्हॉय यांच्याचबरोबर 'रिडिस्कव्हर्ड' हा अल्बम निघाला. त्याच्या शेवटी 'गेट इट व्हाइल यू कॅन' हेच गाणं आहे. मिळतंय तोवर घ्या, असा त्याचा आशय. तरुणपणी तो प्रेमाचा सल्ला होता. हातातलं सगळं एकदा गमावलेला उपदेशक तोच सल्ला देतो तेव्हा त्यातला हलकेपणा जातो आणि इशारा उरतो.

विल्यम बेल यांनी 1967 साली बुकर टी. जोन्स यांच्यासह अल्बर्ट किंग यांच्यासाठी 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' लिहिलं. सत्ताविशीतल्या माणसानं लिहिलेली ती फुटक्या नशिबाची तक्रार. बेल यांनी 2016 च्या 'धिस इज व्हेअर आय लिव्ह' या अल्बमात ती शांतपणे गायली आहे. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. तक्रार तीच, पण ती पचवून बसलेल्या माणसाची.

या तीन उदाहरणांवरून एक कसोटी हाती लागते. मधल्या वर्षांनी शब्दांचा अर्थ हलत असेल, तर गाणं पुन्हा गायला कारण आहे. नसेल, तर कितीही चांगला गळा असला तरी ती उजळणीच. नाचाचं गाणं बहुधा या कसोटीला उतरत नाही. त्याला तरुण अंगच लागतं. 2014 साली स्मोकी रॉबिन्सन यांनी एल्टन जॉन आदी पाहुण्यांबरोबर आपली गाणी पुन्हा गायली. ऐकायला ते गोड आहे, पण प्रत्येक गाणं सत्कार समारंभातल्या भाषणासारखं वाटतं. त्याच्या उलट टोकाला 2017 चा 'अ ब्रँड न्यू मी': अरिथा यांचा जुना आवाज तसाच ठेवून त्याखाली रॉयल फिलहार्मोनिकची नवी वाद्यसंगत घातली. गायिका हयात होती, पण बोलावलं गेलं ते तिच्या तारुण्याला. स्वस्त कॅसेटवाल्यांना जे साधलं नाही, ते तंत्रज्ञानानं साधलं, इतकंच.

मात्र वयाचा आवाज म्हणजे आपोआप सच्चा आवाज, असं मानलं तर आपण दुसऱ्या बाजारात जाऊन पडतो. 1994 साली रिक रुबिन यांनी जॉनी कॅश यांना नुसत्या गिटारीवर गायला लावलं आणि उतारवयातल्या अल्बमांचा एक साचाच तयार झाला: मोजकी वाद्यं, माइक तोंडाजवळ, सुरकुत्यांचा कृष्णधवल फोटो. पुढे सोल गायकांच्या वाट्याला हा साचा आला तो बहुतेक गोऱ्या निर्मात्यांकडून, आणि घेणारेही बरेचसे गोरेच. 2002 साली जो हेन्री यांनी सॉलोमन बर्क यांचा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' केला, तो उत्तम आहे. पण कापरा आवाज हाच विकण्याचा माल झाला, की म्हाताऱ्या गायकाला दुःखी दिसण्याची सक्ती होते. मग त्यानं झगमगीत कोट घालून धमाल करायची म्हटलं तर ती त्याची अभिरुची घसरल्याची खूण ठरते. तरुण दिसण्याची सक्ती गेली आणि थकलेलं दिसण्याची आली, तर गायकाच्या हाती काय पडलं?

या साच्याला बेटी लव्हेट यांनी दिलेलं उत्तर मला सगळ्यात आवडतं. 1972 साली अलाबामातल्या मसल शोल्समध्ये त्यांनी अख्खा अल्बम गायला आणि कंपनीनं तो फडताळात टाकला. तो प्रकाशात आला 2000 साली, तोही फ्रान्समध्ये. 2007 साली त्या पुन्हा मसल शोल्सला गेल्या, फेम स्टुडिओत ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या तरुण बँडबरोबर नवा अल्बम केला आणि नाव ठेवलं 'द सीन ऑफ द क्राइम', म्हणजे गुन्ह्याची जागा. बँडमधल्या पॅटरसन हूड यांचे वडील डेव्हिड हूड हे तिथले जुने बासवादक. तेही वाजवायला आले. त्या जुन्या गाण्यांची उजळणी मात्र लव्हेट यांनी केली नाही. जागा तीच, गाणी दुसरी. आणि त्यातल्या एका गाण्यात, पैसे यायच्या आधीच्या दिवसांचा हिशेब त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडला. त्यात कुठेही कारुण्य विकलेलं नाही. आहे तो संताप आणि विनोद.

म्हणून एखाद्या गायिकेनं दुसऱ्यांदा गायलेलं गाणं चांगलं की वाईट, हे प्रत्येक वेळी नव्यानं ऐकून ठरवावं लागतं. तिनं ते गावं का, हा प्रश्न मात्र श्रोत्याच्या अखत्यारीतला नाही. रचना दुसऱ्याची, मास्टर तिसऱ्याचा, रेडिओचे पैसे नाहीत, अशा व्यवहारात पुन्हा तोंड उघडून गाणं हा तिच्याकडे उरलेला हक्क आहे. टेलर स्विफ्ट यांनी 2021 पासून आपले जुने अल्बम नव्यानं गाऊन त्यातून अफाट यश मिळवलं, तेव्हा जगानं ही युक्ती नवी मानली. सोल गायकांनी ती वकिलांच्या फौजेशिवाय आणि यंत्राच्या ठेक्यावर कितीतरी आधी करून पाहिली होती. स्विफ्ट यांच्यानंतर रेकॉर्ड कंपन्या नव्या करारांत पुन्हा ध्वनिमुद्रण न करण्याची मुदत लांबवायला निघाल्या आहेत. त्या उरलेल्या हक्काची किंमत किती, हे कंपन्यांना समीक्षकांच्या आधी कळलं आहे.