किरणांची वाट आणि प्रमाणाचा प्रश्न

कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख असल्याने 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गरुडमंडप ओलांडून गाभाऱ्यात येतात, आणि सूर्य जसजसा उतरतो तसतसे देवीच्या चरणांकडून मुखाकडे चढतात. या किरणोत्सवात वास्तूने प्रकाशाची वाट तेवढी राखलेली असते. उंच इमारती, धूळ किंवा ढग आड आले की सोहळा अपुरा राहतो. अशा योजलेल्या वाटेने आलेले ज्ञान प्रत्यक्ष मानावे काय, हा प्रश्न न्यायदर्शनाला नवा नाही. इंद्रिय आणि विषय यांचा संयोग, म्हणजे सन्निकर्ष, हे प्रत्यक्षाचे कारण मानल्यावर काच, अभ्रक वा स्फटिक यांपलीकडची वस्तू संयोगावाचून कशी दिसते, असा आक्षेप न्यायसूत्रांत येतो. डोळ्याचे तेज काचेने अडत नाही, म्हणून संयोग होतोच, असे त्याचे उत्तर आहे. डोळ्यातून तेज निघते ही कल्पना भौतिकशास्त्राने केव्हाच टाकली, आक्षेप मात्र टिकून आहे.

लेसरजन्य क्ष-किरणांच्या प्रयोगांत तर तो अधिकच टोचतो. तीव्र लेसर-स्पंद तांब्यासारख्या धातूवर एकवटला की प्लाझ्मा, म्हणजे आयन व मुक्त इलेक्ट्रॉन यांचा तप्त समुदाय, तयार होतो आणि त्यातून क्ष-किरण चहूकडे पांगतात. नमुन्याच्या वाट्याला त्यांतले फारच थोडे येतात. काचेत ते जवळजवळ वळतच नसल्याने साधे भिंग निरुपयोगी ठरते. पण गुळगुळीत पृष्ठभागाला एका अंशाहूनही लहान कोनात चाटून गेल्यास ते परावर्तित होतात, म्हणून सूक्ष्म पोकळ काचनळ्यांचा जुडगा त्यांना एका ठिपक्यावर आणू शकतो. शोधक यंत्रावर जे उमटते त्यावरून अणूंची मांडणी ठरवणे हे अर्थातच अनुमान, आणि ज्या खुणेवरून अनुमान होते ते लिंग अग्नी सुचवणारा धूर आहे की नुसते धुके, हा संशय किरण एकवटल्याने बराच फिटतो. त्याची किंमतही मोजावी लागते: नळ्यांतील वाटा सारख्या लांबीच्या नसल्याने स्पंद काळात किंचित पसरतो, आणि अतिवेगवान बदल टिपू पाहणाऱ्याला हे परवडणारे नसते. साधन तटस्थ असते, ही समजूत येथे टिकत नाही.

किरणोत्सवातही आता प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजली जाते. तथापि ढगाळ संध्याकाळी दर्शन उणे होत नाही, कारण भाविकाच्या श्रद्धेनुसार तेथे देवीही भक्ताकडे पाहत असते. प्रयोगशाळेत असा दुसरा पाहणारा नाही, तेव्हा किरण न पोहोचल्यास लिंगच उरत नाही आणि अनुमान तेथेच थांबते.