पालथा घडा

माणूस काय गोळा करील याला धरबंध नाही. कुणी काड्यापेट्यांची लेबलं जमवतो, कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी नुसतेच अपमान. मेलबर्नला असणारा माझा भाचा मडकी जमवतो. अर्थात 'मडकी' म्हटलेलं त्याला खपत नाही. "मामा, याला आर्ट पॉटरी म्हणतात!" असं तो मला दर भेटीत बजावतो.

या मंडळींच्या हाती भांडं आलं की ते आधी पालथं होतं. कारण सगळी किंमत बुडाला! मरमबीना उपनगरातला मेरिक बॉइड (१८८८-१९५९) हा तिकडच्या कलावंत-कुंभारांमधला आद्यपुरुष मानला जातो. तो भांड्यांवर वाऱ्याने वाकलेली झाडं घडवायचा आणि बुडाला आपलं नाव कोरायचा. १९२६ साली त्याची कुंभारशाळा जळाली. मग प्रेस्टन उपनगरात १९२९ साली प्रीमियर पॉटरी निघाली. तिच्या 'रेम्यूड' भांड्यांवर निलगिरीची पानं आणि बोंडं चिकटवलेली, वरून झिलईचे ओघळ. 'रेम्यूड' म्हणजे ड्यूमर या आडनावाची रोमन अक्षरं उलट्या क्रमाने लिहिलेली. थोडक्यात, भांड्याबरोबर नावही पालथं!

तर अशी एक 'रेम्यूड' फुलदाणी भाच्याला 'ऑप शॉप'मध्ये सापडली. ऑप शॉप म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून धर्मादायाला पैसा उभा करणारं दुकान. गल्ल्यावर बिनपगारी आजीबाई. फुलदाणीवर चिठ्ठी पाच डॉलरची. जाणकार शेकड्यांत मोजतील असा माल. भाच्याने चेहरा कोरा ठेवून पाचाची नोट काढली. आजीबाईंनी वस्तू फुटू नये म्हणून दोन कागद जास्त गुंडाळले.

भाचेसुनेने एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत का?"

"का सांगू?" भाचा उसळला. "दहा वर्षं बुडं बघून मान मोडली माझी. ज्ञान फुकट येतं का?"

हा तंटा आजचा नाही. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये तो लिहून ठेवला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे फक्त त्याला ठाऊक. त्याने ते सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, गप्प बसणं म्हणजे फसवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरोने कौल शिष्याला दिला. (गुरूंच्या नशिबी हे तेव्हापासून आहे.)

मला विचाराल तर दोघांच्याही मध्ये आमची मंडई येते. कोथिंबिरीच्या जुडीवरून मी भाजीवालीशी वाद घालतो, तेव्हा तिला भाव माझ्यापेक्षा पक्का ठाऊक असतो. तिथे मी गप्प बसलो काय नि बोललो काय, गंडणार मीच. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडेही तसंच. त्यालाही बूड वाचता येतं. दोन पैलवानांची कुस्ती ती. पण आजीबाई आखाड्यात उतरलेल्याच नसतात. आणि फुलदाणी त्यांचीही नाही. तिचे पैसे ज्या भुकेल्याच्या ताटात जायचे, तो तर दुकानातसुद्धा नसतो. मग भाच्याने जिंकलं कुणाला?

यावर माझी एक घरगुती कसोटी आहे. भाचा ही हकिकत येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगतो, चहाबरोबर. फक्त एका व्यक्तीला ती सांगता येत नाही, त्या आजीबाईंना. ज्या एका माणसाला आपली मर्दुमकी सांगता येत नाही, त्याचंच काहीतरी आपण उचललेलं असतं.

हे मी भाच्याला सांगितलं. तो ऐकत होता, पण हातातलं भांडं उलटं करून. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. घडे दोन होते, आणि दोन्ही पालथे.